इकडचे निरोप तिकडे

३ मार्च, सोमवार

मामीने मामांशी बोलणं बंद केलं. कालपासून. भांडण नाही, आदळआपट नाही — नुसतं बंद. दुकानाचं शटर ओढावं तसं.

सकाळी मामांनी नेहमीसारखी हाक मारली, "अगं, चहा!" चहा आला, पण माझ्या हातून. मामी म्हणाली, "नेऊन दे. आणि सांग, साखर संपली." मी नेला. सांगितलं. मामा म्हणाले, "साखर संपली हे तिला सांगता येत नाही? तोंड आहे ना?" मी आत आले. मामीने विचारलं, "काय म्हणाले?"

तेव्हा लक्षात आलं — हे आता माझ्या गळ्यात पडणार!

मी दिवसाला चार वाक्यं बोलते. फार तर पाच. मामा मला 'बोलके' म्हणतात ते चिडवायलाच. "बोलके, तेलाची कुपी दे. बोलके, आज रेडिओ बंद ठेव, तुझीच बडबड पुरे."

४ मार्च, मंगळवार

का बंद केलं ते मला माहीत आहे. कुणाला सांगवत नाही म्हणून इथे लिहिते.

मामांचं शिवणमशिनी दुरुस्त करायचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. गेल्या महिन्यात शिवणवर्गाच्या बाई आल्या होत्या. त्यांची मशीन टाके सोडत होती. मी शटलमध्ये अडकलेला दोरा काढत बसले होते. बाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेसच्या हाताला फार सफाई आहे. आमच्याकडे शिकवायला येतील का? पलीकडच्या गावात नवा वर्ग काढतोय. सोमवारी जायचं, शनिवारी परत. खोली आम्ही देऊ."

मामांनी मान वर केली नाही. "छे! तिला चार लोकांसमोर उभं राहून बोलणं जमायचं नाही. ती घरातच बरी."

मला आधी वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत. मी नववीत शाळा सोडली ती याच्यापायीच. उभं राहून वाच म्हटलं की घशात बोळा बसायचा. मुलं हसायची. एक दिवस गेलेच नाही. मग दुसऱ्या दिवशी जाणं आणखी अवघड. आई म्हणाली, मामाकडे राहा, काहीतरी हाताला काम शीक.

पण मामी? मामी भाजीवाल्याला भर बाजारात असं झापते की तो बिचारा चार मिरच्या वर टाकून हात जोडतो!

तेव्हाच मामीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. परवा त्या बाईच तिला रस्त्यात भेटल्या — "तुम्हाला जमणार नाही कळलं, वाईट वाटलं हो." मामी घरी आली, पिशवी ठेवली. मला एवढंच विचारलं, "तू होतीस ना तिथे?" मी मान हलवली. "बरं," म्हणाली.

दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

मामांची मतं. आज दिवसभरातली, आठवतील तेवढी —

घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणारा माणूस स्वतःलाच फसवतो, तो गिऱ्हाइकाला काय सोडणार. चहात आलं घालणं म्हणजे चहावर अविश्वास. डॉक्टर हसला की समजावं, आजार मोठा आहे. डावखुऱ्या माणसाला मशीन विकू नये, आठ दिवसांत परत आणतो. माफी मागणारा माणूस तीच चूक पुन्हा करायची परवानगी मागत असतो.

शेवटचं जरा मोठ्याने म्हणाले. आतल्या दाराकडे तोंड करून. आत मामी भांडी घासत होती, तिने आणखी जोरात घासली.

मतं ऐकायला आता मी आणि 'साहेब'. साहेब म्हणजे मामांचा मासा. दुकानात काचेची पेटी आहे, तिच्यात चार बारके आणि हा एक केशरी, पोट सुटलेला. मामा पेटीचं पाणी स्वतः बदलतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "मासा बरा. त्याला मत नसतं." मी म्हणणार होते, तुम्ही कुणाला मत ठेवू दिलंय? नाही म्हटलं.

९ मार्च, रविवार

रविवारी पेपरात शब्दकोडं येतं. मामा पेन्सिल कानावर ठेवून बसतात आणि अडलं की ओरडतात, मामी आतून उत्तर फेकते. दरवेळी बरोबर. मामा म्हणतात, "हेच मी लिहिणार होतो."

आज बराच वेळ पेन्सिल कानावरच. मग म्हणाले, "बोलके, तिला विचार. कापडाची दुमड. दोन अक्षरी."

मी आत गेले. मामी कांदा चिरत होती. "चुणी," म्हणाली लगेच. मग सुरी थांबली. "मी सांगितलं म्हणू नकोस. सांग, येत नाही."

मी बाहेर जाऊन म्हटलं, "येत नाही म्हणाली. पण चुणी."

मामांनी 'चुणी' लिहिलं. खोडरबराने पुसलं. परत लिहिलं.

बाकीचं कोडं तसंच राहिलं. इतकं रिकामं कोडं या घरात मी पाहिलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

आज मी एक केलं. चांगलं की वाईट, ठाऊक नाही.

जेवताना मामा म्हणाले, "तिला म्हणावं, भाजीत मीठ टाकायचं असतं." स्वयंपाकघर चार पावलांवर. तेवढ्यात काय झालं कोण जाणे — मी मामीला म्हणाले, "मामा म्हणाले, भाजी छान झालीय. थोडं मीठ हवंय."

मामीने माझ्याकडे पाहिलं. "छान म्हणाले?"

"हो."

"हात मोडलेत का त्यांचे? मीठ फळीवर आहे म्हणावं, उठून घ्या."

मी बाहेर येऊन मामांना म्हणाले, "मामी म्हणाली, मीठ फळीवर आहे, जरा घ्याल का."

मामा मला बघत राहिले. मग उठले. स्वतः घेतलं! मी इथे आल्यापासून मामा जेवताना उठलेले पहिल्यांदा पाहिले.

१३ मार्च, गुरुवार

आज दिवसभर तेच केलं. सोपं आहे. काटे काढायचे आणि द्यायचं.

१६ मार्च, रविवार

मामीने आज त्या बाईंना फोन केला. मागच्या खोलीत, दार लोटून, पण मला ऐकू आलं. जागा अजून आहे. बुधवारपर्यंत कळवा म्हणाल्या, वर्ग पुढच्या सोमवारपासून.

मग माळ्यावरची बॅग काढायला मला स्टूल धरायला लावलं. धूळ पुसता पुसता म्हणाली, "जाणार तर मी आहेच. प्रश्न यायचा आहे. शनिवारी परत कुणाकडे यायचं? जो मला विचारत नाही, त्याच्याकडे?"

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू तुझ्या आईकडे जाशील. इथे दोघांच्या मधे किती दिवस लटकणार?"

हसत म्हणाली. पण बॅग खाली ठेवली ती परत वर ठेवली नाही.

बाहेर मामांनी विचारलं, "धडपड कसली चाललीय?" मी म्हटलं, "साफसफाई." आता मी न विचारलेलंही बदलून सांगायला लागले!

१९ मार्च, बुधवार

सगळं माझ्यामुळे झालं.

आज बुधवार. मामीने बाईंना 'येते' म्हणून कळवून टाकलं आणि मला म्हणाली, "सांग त्यांना. सोमवारी जातेय. आणि शनिवारी येईनच असं नाही, तेही सांग."

मी मामांना सांगितलं. पहिलंच वाक्य सांगितलं, दुसरं गिळलं. मामांच्या हातात पेचकस होता. तो त्यांनी मशिनीवर ठेवला, परत उचलला. "बरं," म्हणाले. बाकी काही नाही. मत नाही!

मी दारात उभीच. आता काहीतरी बोलतील. पेटीत साहेब तोंड उघडत होता, मिटत होता. मामांचंही तसंच चाललं होतं. पण आवाज नाही.

मी आत गेले. मामीने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणाले, "चुकलं म्हणाले."

मामी खाली बसली. पदर तोंडाला लावला. मग उठली, तोंड धुतलं, चहा टाकला — आलं न घालता! — आणि कप घेऊन स्वतः दुकानात गेली. मी मागे. अडवायला हवं होतं. नाही अडवलं.

"अहो," मामी म्हणाली. किती दिवसांनी घरात 'अहो' ऐकलं. "बरं झालं म्हणालात. एवढं एकच हवं होतं मला."

मामा म्हणाले, "काय म्हणालो?"

पुढचं लिहिवत नाही. मामी ओरडली नाही. कप मशिनीवर ठेवला. माझ्याकडे वळली. "म्हणजे मीठही तूच? छानही तूच?"

मी मान हलवली.

"तूही त्यांच्याच वळणाची. त्यांनी माझ्या वतीने बाईंना उत्तर दिलं. तू त्यांच्या वतीने मला दिलंस. या घरात माझ्याशी खरं कुणी बोलणार आहे का?"

२० मार्च, गुरुवार

मामी माझ्याशीही बोलत नाही.

दुकानात मामा म्हणाले, "मला आधीपासून ठाऊक होतं, बोलके. तुझी मामी 'जरा घ्याल का' असं जन्मात म्हणायची नाही." मग पेचकसाने नखातलं तेल काढत बसले. "पण ऐकायला बरं वाटायचं. म्हणून मीही गप्प राहिलो."

मी मशिनीचा पट्टा चढवत होते. कधी नव्हे ते विचारलं, "मामा, मामीला खरंच जमणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

मामांनी पेचकस फडक्याला पुसून खाली ठेवला.

"तिला काय न जमायला झालंय! वीस मुलींना उभ्याउभ्या शिकवेल." मग साहेबाकडे बघत म्हणाले, "जमायचं नाही ते मला. घरात पाच दिवस कुणी नाही... कोडं अडलं तर कुणाला हाक मारू? त्या बाईंनी विचारलं आणि तोंडातून तेच उलटं होऊन बाहेर पडलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हेच! एवढंच मामीला जाऊन सांगितलं की झालं. खरं आहे, बनवलेलं नाही, एक शब्द बदलायला नको! मी उठलेसुद्धा.

मामा म्हणाले, "तिला सांगशील?"

आणि मी म्हणाले, "नाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. घशात बोळा होताच, त्याच्या कडेने आवाज बाहेर आला. "मी आता कुणाचं काही सांगणार नाही. मामीचंही नाही. तुमचं तोंड आहे ना?"

मामांचेच शब्द. रागावतील वाटलं. ते म्हणाले, "बोलके, हे जरा जास्तच झालं." पण रागावले नाहीत.

२२ मार्च, शनिवार

मी सांगत नाही म्हटल्यावर आता मासा सांगतो!

मामा पेटीसमोर उभे राहून — "साहेब, आज वीज जाणार आहे म्हणे, पाणी भरून ठेवायला हवं." मामी केर काढत आली, पेटीकडे बघून — "सांगा तुमच्या मालकाला, सकाळीच भरलंय." साहेब दोघांकडे बघून तोंड उघडतो, मिटतो. त्याचंच बरंय. शब्द बदलत नाही.

हसू आलं. मग एकदम रडू आलं. हे दोघं माशाशी बोलतील पण —

मामीच्या बॅगेत कात्री, टेप, दोन मोजपट्ट्या, खडू. साड्या वेगळ्या. सगळ्या साड्या.

२३ मार्च, रविवार

कोडं आलं. मामांनी उघडलंच नाही.

दुपारी मामीला म्हटलं, "तेव्हा दुकानात मी ऐकलं होतं. त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं. चुकलं. हे माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही."

मामी ब्लाउजची घडी घालत होती. बराच वेळ तीच घडी. मग म्हणाली, "केस विंचर. काय अवतार झालाय." आणि फणी घेऊन स्वतःच बसली विंचरायला.

मामांनी सांगितलेलं ओठांवर आलं होतं. दात दाबून धरले.

२४ मार्च, सोमवार

बॅग दारात. मामी नळाखाली डबा धूत होती. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. हातात कालचा पेपर, कानावर पेन्सिल नाही. म्हणाले, "ऐकतेस का?"

सवयीने मी म्हटलं, "हो, मामा."

"तुला नाही," म्हणाले.

मामीने नळ बंद केला.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. ओढता ओढता पहिला शब्द कानावर पडलाच. तो इथे लिहिणार नाही. तो माझ्याकडे दिलेला नव्हता.