उशिरा पडणारं मुसळ

वुसाकिले, किटवे
रविवार, ३ मे १९९८

चि. अल्फॉन्स यास, जाफेटदाजीचे अनेक आशीर्वाद.

माकडं खाणाऱ्या तमाम बेम्बा जमातीत तू त्यातल्या त्यात बरा, म्हणून तुझी बहीण मी करून घेतली. वीस वर्षं झाली, तक्रार एवढीच की प्रिस्काचा आवाज अजून कमी होत नाही. ती ठीक आहे. तू पाठवलेले वाळवलेले सुरवंट तिने एकटीने संपवले.

खाण विकायला काढली आहे. आमच्या पाळीतली निम्मी माणसं घरी बसली, मीही कधी बसेन सांगता येत नाही. पण पत्र त्यासाठी नाही. डेक्स्टर गामा परत आला आहे. आपला गिटारवाला गामा. इथे चर्चच्या मागच्या ओळीत एका खोलीत पडून असतो. ज्या आजाराचं नाव आता कुणी घेत नाही, तोच. मी त्याला उचलून उन्हात बसवतो, तेव्हा हातात गिटारची रिकामी पेटी घेतल्यासारखं वाटतं. एके काळी त्याला ऐकायला आपण इथून अन्डोलापर्यंत चालत गेलो होतो, आठवतं ना?

त्याने मला एक काम सांगितलं आहे. त्याच्या अकराही तबकड्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. मेल्यावर सगळ्यांनाच लोक चांगलं म्हणतात, म्हणाला, मला आधीच खरं कळू दे. मी तुझं नाव सुचवलं. सगळा संच जपून ठेवणारा तुझ्याएवढा वेडा मला दुसरा माहीत नाही. नियम त्याचाच आहे: प्रत्येकाला पूर्ण दहा एकदाच देता येतील. जपून खर्च कर.

आणि लाजू नकोस. गामा आम्हा न्गोनी जमातीचा माणूस आहे. तुमचं-आमचं थट्टेचं नातं आजोबांच्या लढायांइतकं जुनं आहे. बेम्बाने कितीही शिव्या दिल्या तरी न्गोनीला राग धरता येत नाही. त्याला हसवशील तर पुण्य लागेल.

प्रिस्काचे आशीर्वाद. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
जाफेट

—

लुविंगूजवळचं मिशन
रविवार, १७ मे १९९८

ति. दाजी यांस अल्फॉन्सचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. वाचून दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. प्रार्थनेत त्याचं नाव घेतो, पण डेक्स्टर हे नाव देवाला ओळखीचं असेल का, असं उगीच वाटत राहतं.

काम सुरू केलं आहे. माझी तबकड्या वाजवायची पेटी ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालते आणि बॅटरी दवाखान्याच्या सौर पॅनेलवर भरून मिळते, म्हणून आठवड्यात एकच दिवस, रविवारी उपासना झाल्यावर. लोक अंगणात थांबतात. मी इथे धर्मशिक्षक म्हणून आलो त्याला पाच वर्षं झाली, पण माझ्या प्रवचनाला एवढी माणसं कधी थांबली नाहीत. फक्त कासुबाची आई थांबत नाही. तिचा मुलगा कासुबा तीस वर्षांपूर्वी खाणीकडे गेला तो गेलाच. खाणीच्या कचेऱ्यांना तिच्या वतीने मीच पत्रं लिहितो. उत्तर येत नाही. पेटी लागली की ती काठी उचलते आणि जाते. परक्यांची मुलं गाताना ऐकवत नाहीत, म्हणते.

पहिल्या तबकडीला सहा. गिटार जनावर सुटल्यासारखी धावते, पण शब्द सगळे दुसऱ्या देशातून उसने आणलेले. दुसरीला आठ. तिसरीला पाच, त्याला सांगा, ढोलवाल्याला झोप लागली होती आणि तुम्ही न्गोनी लोकांनी त्याला उंदीर भाजून खायला घालून जागं करायला हवं होतं. चौथीला सात. माझा दहा अजून खिशात आहे.

ताईला नमस्कार. आपली माया अशीच राहो.
अल्फॉन्स

—

किटवे
रविवार, ७ जून १९९८

चि. अल्फॉन्स यास अनेक आशीर्वाद.

उंदरांचं वाक्य मी त्याला तीनदा वाचून दाखवलं. हसता हसता खोकला लागला, प्रिस्का माझ्यावर ओरडली. पण त्या दिवशी त्याने वाटीभर पेज घेतली.

मी माझा दहा दुसऱ्या तबकडीला देऊन मोकळा झालो. आमच्या लग्नात तीच वाजत होती, तिथे न्याय कसला करणार. त्याने मान हलवली. हे गुण नाहीत, ही लाच आहे, म्हणाला. माझ्या मताला तो फार किंमत देत नाही असं दिसतं. तो वाट पाहतो ती तुझी. गावात राहणारा, शब्द तोलून बोलणारा माणूस, असं मीच त्याला तुझं वर्णन करून बसलो. तुझं पत्र बसने येतं, म्हणून बसथांब्यावरून आलो की आधी विचारतो, बेम्बाचा दहा अजून शिल्लक आहे का?

अकरावीबद्दल त्याला फार वाटतं. तीच, जी खपली नाही आणि जिच्यानंतर त्याला कुणी स्टुडिओत उभं केलं नाही. तिच्यातलं शेवटचं गाणं गावच्या माणसाने ऐकावं, एवढंच म्हणतो. लवकर लिही. डॉक्टरांच्या बोलण्यात आता महिने नाहीत, आठवडे आहेत.

तुझा,
जाफेट

—

लुविंगूजवळचं मिशन
रविवार, २१ जून १९९८

ति. दाजी यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

घाई केली. दवाखान्यातल्या बाईंची समजूत घालून बॅटरी दर दोन दिवसांनी भरून घेतली आणि सगळं संपवलं. पाचवी ते दहावी तबकडीचे गुण मागच्या पानावर आहेत. सातवीला नऊ द्यावे लागले. तिच्यात तो कुणाची नक्कल करत नाही.

आता अकरावी. ती मी दोनदा ऐकली, कारण माझा दहा तिला द्यावा असं मनात होतं. मरणाऱ्या माणसाला तेवढं देताना कुणाचं काय जातं? पण त्याने खरं मागितलं आहे, आणि खोटी साक्ष मला नीट देता येत नाही. म्हणून सांगतो, थट्टेच्या नात्याने सांगतो, त्याने हसून घ्यावं.

शेवटचं गाणं म्हणजे आमच्या बायकांचं कांडणाचं गाणं. त्याने गिटार बाजूला ठेवली आहे आणि नुसतं मुसळ वाजवलं आहे. कल्पना मोठी आहे. पण मुसळ चुकलं आहे. आमच्याकडे घाव शब्दावर पडतो. याचा घाव प्रत्येक ओळीत शब्द संपल्यावर, अर्धा श्वास उशिरा पडतो. आमच्याकडची कुठलीच बाई अशी कांडत नाही. त्याला सांगा, तुमचे आजोबा आमची गुरं पळवायचे, ते निदान धडधाकट गुरं पळवायचे. तू आमचं गाणं पळवलंस ते लंगडं करून. ज्याच्या आईने कधी उखळाला हात लावला नाही, त्याने आईचं गाणं म्हणू नये. अकरावीला तीन. तेही आवाज गोड आहे म्हणून.

माझा दहा माझ्याकडेच राहिला. त्याला माझा नमस्कार सांगा, आणि माझ्या बोलण्यातलं प्रेम तेवढं पोचवा.
अल्फॉन्स

—

किटवे
रविवार, ५ जुलै १९९८

चि. अल्फॉन्स,

आशीर्वाद कसे लिहू ते कळत नाही.

पत्र मी मोठ्याने वाचलं. गुरांपर्यंत तो हसत होता. मुसळाचं आलं तेव्हा हसू गेलं. पुन्हा वाच म्हणाला, मी मूर्खाने आवाज चढवून, तुझी नक्कल करून वाचलं. आईचं वाक्य संपल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी बोलला. अल्फॉन्स, तो न्गोनी नाही. गामा हा त्याच्या पहिल्या ढोलवाल्या मित्राचा बाप. त्याच्या घरी हा राहिला, त्याच नावावर याला खाणीत काम मिळालं, आणि तबकडीवरही तेच छापलं गेलं. तो तुमचाच आहे. लुविंगूकडचा. त्याचं नाव कासुबा.

त्याच्या आईचा डावा हात झाडावरून पडून मोडला होता आणि वाकडाच बसला. मुसळ उचलायला तिला वेळ लागायचा, म्हणून तिचा घाव शब्दानंतर पडायचा. बाकीच्या बायका तिला हसायच्या. त्याने स्टुडिओत एक अख्खा दिवस भांडून तो घाव तसाच उशिरा ठेवून घेतला होता. वाजवणारा पुन्हा पुन्हा सुधारायचा, हा पुन्हा पुन्हा चुकवायला लावायचा.

घरी का लिहिलं नाहीस, असं मी विचारलं. नाव झालं तेव्हा परक्या नावाने झालं याची लाज वाटली. मग नाव गेलं त्याची. आता या आजाराची. आई जिवंत आहे का एवढंच त्याला हवं आहे. तिला काही सांगू नकोस म्हणतो.

परक्याची थट्टा म्हणून तू आपल्याच माणसाला बोललास, आणि ते मी वाचून दाखवलं. आपल्या दोघांत कुणाचं पाप मोठं, ते तू ठरव. तुझा त्या बाबतीत अभ्यास आहे.
जाफेट

—

लुविंगूजवळचं मिशन
बुधवार, ८ जुलै १९९८

ति. दाजी,

बस उद्या पहाटे सुटते, म्हणून चारच ओळी. ती जिवंत आहे. या रविवारीही शेवटच्या बाकावर होती. तो वाकडा हात पाच वर्षं मी पाहतो आहे. प्रसाद देताना दर रविवारी तो माझ्यासमोर येतो, इतरांपेक्षा अर्धा श्वास उशिरा, आणि मी थांबतो. आता तिच्यासाठी कांडण शेजारीण करते, म्हणून मुसळ कधी ऐकलं नाही. पण थांबलो होतो मी, दाजी. एवढ्यावरून कळायला हवं होतं.

त्याला सांगा, अकरावीला दहा. लाच नाही, दया नाही. परीक्षकाला गाणं येत नव्हतं. त्याने होकार दिला तर पुढच्या गुरुवारच्या बसने मी आईला घेऊन निघतो. त्याच्या शब्दाशिवाय तिला सांगत नाही. एकदा न विचारता बोललो तेवढं पुरे.

त्याच्या उशाशी बसून हे हळू वाचा.
अल्फॉन्स

—

किटवे
मंगळवार, १४ जुलै १९९८

चि. अल्फॉन्स यास आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तो बुधवारी दुपारी गेला. तू लिहीत होतास तेव्हाच, बहुतेक. माझ्या हातात पत्र आलं तेव्हा मी कबरीवरून परतत होतो. प्रिस्का म्हणते, फाडून टाका. मी ठेवलं आहे.

माती कशी झाली ते तुला कळायला हवं. न्गोनी मेला म्हणून थट्टेच्या नात्याच्या रीतीप्रमाणे बेम्बा आले. कबर त्यांनीच खणली. शवपेटी अडवून बसले, गिटार आम्हाला द्या नाहीतर न्गोनीला खड्ड्यात उतरू देणार नाही म्हणाले, एकाने त्याचा चकाकता जुना कोट घालून नाच केला. लोक रडता रडता हसत होते. सगळं रीतसर झालं, अल्फॉन्स, आणि सगळं उलटं. त्याचेच लोक त्याला परका समजून हसत होते. हसायचा हक्क तिथे आम्हा न्गोनींचा होता. मी बोलू शकलो असतो. पण त्याने नाव झाकून ठेवायला सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या तोंडून काढलं नाही.

शेवटी मी पुढे गेलो. न्गोनीने न्गोनीच्या शवपेटीवर थाप मारलेली पाहून सगळे गप्प झाले. मी वाकून म्हटलं, बेम्बांनो, तुमचं गाणं लोकांना ऐकू जाण्यासाठीसुद्धा तुम्हाला आमचंच नाव लागतं. तेवढंच जमलं. कुणाला कळलं नाही.

शेवटच्या सकाळी त्याने विचारलं होतं, बस आली का? बस शुक्रवारी असते, मी सांगितलं. मग तीनच, म्हणाला.

आईला सांगायचं की नाही, ते आता तुझ्यावर. त्याचा शब्द आता मिळणार नाही.
जाफेट

—

लुविंगूजवळचं मिशन
रविवार, २६ जुलै १९९८

ति. दाजी यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

आठवडाभर मी तिच्या दारावरून गेलो आणि परत आलो. आज उपासनेनंतर तिच्या मागोमाग गेलो. पेटी आणि बॅटरी हातगाडीवर घातली होती.

आधी मरण सांगितलं. ती रडली नाही. कुठे पुरला, कुणी खणलं, एवढं विचारलं. बेम्बांनी खणलं असं सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. आपल्या माणसांनी खणलं म्हणजे ठीक झालं, म्हणाली.

मग गाणं लावलं. ती उंबऱ्यावर बसली होती. पहिल्या ओळीला तिने मान वर केली. दुसऱ्या ओळीपासून तिचा वाकडा हात गुडघ्यावर पडू लागला, आणि दाजी, तो बरोबर पडत होता. पेटीतलं मुसळ आणि तो हात एकदाही वेगळे झाले नाहीत. वाटेवरच्या दोन बायका थांबून ऐकत राहिल्या. त्यांतल्या म्हातारीने पदर तोंडाला लावला. ती एके काळी हसणाऱ्यांतली असावी.

संपल्यावर तिने विचारलं, तिकडे लोक या गाण्याला काय म्हणाले. मी गप्प राहू शकलो असतो. पण मग आयुष्यभर दर रविवारी तिला प्रसाद कसा देणार? म्हणून सांगितलं: त्याने आमच्याकडे गुण मागितले होते, मी तीन दिले, मग दहा दिले, पण त्याच्यापर्यंत पोचले ते तीनच.

तिने हिशोब नीट समजून घेतला. कितीपैकी, म्हणून विचारलं. दहापैकी, मी म्हटलं. थोडा वेळ ती अंगणातल्या पालथ्या उखळाकडे पाहत राहिली. मग अगदी साध्या आवाजात, शिक्षकाला एखादी आई विचारते तसं, तिने विचारलं की बाकीचे सात कशाचे कापलेस.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, आणि तो हळूच अंगाभोवती गुंडाळलेल्या चितेंगेच्या पदराखाली घेतला.

आजपासून पेटी तिच्याच घरी ठेवली आहे. ताईला माझा नमस्कार सांगा. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढाच ठेवा, जास्त मागत नाही.
अल्फॉन्स