धाकट्या मामांचे केस

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार (शिर आता तुमच्यासारखंच चकाकतंय, तेव्हा नमस्कार लांबूनही दिसेल). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण एकदम शेवटावर यायला तोंड नाही.

सत्ताविशीतच कंगवा भरायला लागला, तेव्हा आईने एका वाक्यात निकाल लावला की पोरगा मामावर गेलाय. तेव्हापासून माझा तुमच्यावर उगाचच राग. (नाक बाबांचं आलं, तेव्हा त्यांच्यावर नव्हतो रागावलो.) मग कांद्याचा रस झाला. तो चोपडून फोटो स्टुडिओत कामाला गेलो, तर फोटोला बसलेल्या नवऱ्या मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तिच्या आईला वाटलं, पोरीला हे लग्नच नकोय! मालकांनी त्याच दिवशी रस बंद करवला. मग शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून खाली डोकं वर पाय केले. त्यात भिंतीवरचं घड्याळ गेलं, केस काही आले नाहीत.

आता मुख्य पाप. माझं जिच्याशी लग्न ठरू घातलंय, तिच्या घरच्यांनी भेटायला येण्याआधी आपल्या सगळ्यांचा एक फोटो मागितला. मी दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे मुरूम पुसणारा माणूस. स्वतःला थोडे केस लावले तर कुणाच्या बापाचं काय गेलं? लावले. पण शेजारी तुम्ही! तुमच्याकडे बघून शेंबडं पोरसुद्धा माझं भविष्य सांगेल. म्हणून तुम्हालाही लावले. घाईत माझाच झुपका उचलून तुमच्या डोक्यावर ठेवला, कपाळावरच्या बटेसकट. (खरं सांगू? देखणे दिसत होतात.)

ते लोक आले तेव्हा मी ‘केस नुकतेच बारीक कापलेत’ असं सांगून बसलो होतो. गुडघ्यामुळे तुम्ही येणार नव्हतात, म्हणून निर्धास्त होतो. आणि तुम्ही तशाही गुडघ्याने, इस्त्रीचा शर्ट घालून, सफरचंदांची पिशवी घेऊन दारात! आईने कौतुकाने सांगितलं, हा माझा भाऊ. तिच्या वडिलांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे, आणि विचारलं, मग हे कोण? मी बोलून गेलो की ते धाकटे मामा, परदेशात असतात. मामा, आईशिवाय तुम्हाला भावंडच नाही! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि शांतपणे म्हणालात, ‘हो, धाकटा. लहानपणापासून केस फार त्याला.’ मग अर्धा चहा तसाच ठेवून, गुडघ्याचं निमित्त करून निघून गेलात. मी जिन्यापर्यंतसुद्धा आलो नाही. खोटं मी बोललो आणि निस्तरलंत तुम्ही. फार लाज वाटते हो. आरशात बघून वाटायची, तिच्या कैकपट.

रविवारी ते पुन्हा येणार आहेत. तुम्हीही या, डोकं उघडं ठेवून माझ्या शेजारी बसा. मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे.

तुमच्यावर फक्त डोक्याने गेलेला,
भाचा

ता.क. खरं म्हणजे तिला आधीच कळलंय. दोघांच्या कपाळावर एकच बट कशी, हे तिने फोटो बघताक्षणी हेरलं होतं. काल म्हणाली, ‘केस जाऊ देत रे, पण मामांना का घालवलंस? ते आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.’ तेव्हा हे पत्र निव्वळ पश्चात्तापाचं आहे, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

ता.क. २. तिच्या वडिलांना धाकटे मामा फारच आवडलेत. ते सुट्टीवर कधी येतात, असं दोनदा विचारून झालं. त्यांचं काय करायचं, तेही सुचवा.

ता.क. ३. पत्र आईला वाचून दाखवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, ‘नीट लिही. नाहीतर तो विचारायचा, दोघांपैकी कुठल्या मामाला बोलावलंय.’ मामा, मला एकच मामा आहे. या.