तिसरी मागणी आणि अडलेला गिअर

चि. एरकेबुलान यास कोनिसबाय मामाचे पोटभर आशीर्वाद. तू बरा, सूनबाई बरी, मुलं बरी, ताईचे गुडघे बरे आणि (सहाव्या मजल्यावर तुम्ही पाळत नसलात तरी रीत म्हणून विचारतो) गुरंमेंढरंही बरी असतील अशी आशा करतो. इकडे झार्केंटला आम्ही ठीक. गाडी मात्र ठीक नाही.

तुझा निरोप पोचला. सफरचंदं उतरली की येतोस आणि राहिलेली तिसरी मागणी मागून टाकतोस म्हणालास. माग बाबा. भाच्याच्या तीन मागण्यांना मामाने नाही म्हणायचं नसतं, ही आपली रीतच. पहिलीत तू शिंगरू नेलंस, दुसरीत माझा कोल्ह्याच्या कातड्याचा टोप (अजून कान गार पडतात), मी हूं की चूं केलं नाही. या खेपेला तुझा डोळा कशावर आहे तेही मला कळतं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून या व्होल्गा गाडीचा हॉर्न कोण वाजवायचं, मी विसरलेलो नाही. पण उद्या तुझी फसगत होऊ नये म्हणून तिची खरी अवस्था कळवणं माझं कर्तव्य आहे.

हिवाळ्यापासून गिअर पडत नाही. पहिला टाकायला दोन्ही हात लागतात. दुसरा टाकताना आतून असा कर्रर्र आवाज येतो की रस्त्यावरची गाढवं वळून बघतात. रिव्हर्सचा तर मी नादच सोडला, मागे जायचं असलं की उतरून ढकलतो. माझा जीव थाऱ्यावर नाही. चहा ओतला की गॅरेजमध्ये चक्कर, पाठ टेकली की पुन्हा चक्कर. शेजारचा तोलेमिस (तोच, सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर चालवायचा आणि तेव्हापासून स्वतःला जगातल्या सगळ्या इंजिनांचा जावई समजतो) म्हणाला, "थंडीनं तेल घट्ट झालंय रे, पातळ घाल." घातलं. आवाज वाढला, तर म्हणतो, "पातळ घालायला कुणी सांगितलं तुला?" मग गिअरच्या दांड्याच्या जोडांना ग्रीस लावून झालं, क्लचच्या नळीतली हवा काढून झाली. (मी पेडल दाबायचं आणि त्याने गाडीखालून ओरडायचं. "दाब की, अंगात जीव नाही का?" मी म्हटलं, "दाबलंय! याच्याखाली जात नाही!" "म्हातारा झालास," म्हणाला. माझ्याहून मोठा आहे तो.) गंमत अशी की इंजिन बंद असलं की गिअर हू म्हणायच्या आत पडतो, सुरू केलं की रुसतो. यावरून क्लच पूर्ण सुटत नाही असं त्याने ठरवलं. का सुटत नाही ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याने उघडलेलं काही पुन्हा जुळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा अशी गाडी कुणी शहाण्याने मागावी का, तूच ठरव. आमच्याकडे दोन मेंढ्या फार चांगल्या आहेत.

ताईला नमस्कार.

तुझा मामा,
कोनिसबाय

ता. क. इथवरचं ताईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं एकट्याने वाच. काल तुझ्या कुलपाश मामीने गाडीत पायाखाली अंथरलेला लोकरीचा नमदा काढून उन्हात टाकला. माझ्या सासूबाईंनी स्वतः लोकर लाटून केलेला, शिंगांच्या नक्षीचा, दोन बोटं जाड. मी सहज इंजिन सुरू केलं आणि गिअर पडला! सगळे पडले! रिव्हर्ससुद्धा! नमदा पुन्हा अंथरला, कर्रर्र. काढला, आवाज गायब. अरे, पेडल त्या नमद्यावर जाऊन टेकत होतं, क्लच सुटणार कुठून? तसाच खोर्गोसच्या रस्त्याला लागलो आणि मोठमोठ्याने गात परत आलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आणखी एक ता. क. आता नमदा काढायचा कसा? सासूबाई दर शुक्रवारी येतात, आधी गाडीचं दार उघडून नमदा बघतात आणि मगच घरात शिरतात. तो दिसला नाही तर जावयाने मेहनत मातीत घातली म्हणून गावभर होईल. पण भाच्यानेच मागितला तर? रीतच आहे, त्याही काही बोलू शकणार नाहीत. तेव्हा बाळा, लवकर ये आणि सगळ्यांदेखत नमदा माग. गाडीकडे ढुंकूनही बघू नकोस. ती गेली तर सकाळी उठून मी जाऊ कुठे, सांग?

ता. क. (मामीच्या अक्षरात) पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. नमद्याचं नाव काढायचं नाही. आईने तो माझ्या घराच्या भिंतीसाठी केला होता. गाडीला खालून थंडी वाजते म्हणून यांनीच तो उचलून नेला. आई दर शुक्रवारी बघते ते हा माणूस तो घरात परत आणतोय का, हे. तू सगळ्यांदेखत गाडीच माग. हे आठवडाभर रुसतील, मग निदान जेवायला तरी घरात येतील.