शुक्रवारचं वजन

प्रिय मोजपट्टी,

या नावानं तुला आता कुणी हाक मारत नसेल. तिकडे ऑफिसात तू साहेब. पण झोपलेल्या वडिलांच्या मिशासुद्धा पट्टी लावून मोजणाऱ्या भावाला मी दुसरं काय म्हणणार? फोन केला की माझा आवाज चढतो आणि तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून सुटतोस. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहायला बसले. गुरुवारी सभागृहात भट्टीचा निकाल आहे. आपल्या खोऱ्यातला कचरा जाळायचा की आम्ही तो आजवर निवडतो तसाच निवडत राहायचा, हे त्या दिवशी हात वर करून ठरणार. तुला हे माहीत आहेच. माझ्यापेक्षा जास्तच माहीत आहे.

घरी सगळे बरे आहेत. भाचीचा पुढचा दात पडला आणि मामाला दाखवायचा म्हणून तिनं तो काड्यापेटीत जपून ठेवलाय. मी तिला काही सांगितलेलं नाही. तुझे भावोजी गाजरं काढतायत. यंदा गाजरं सरळ आणि गोड आली आहेत. परवा तान्ह्या मुलांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्याचे खरेदीवाले साहेब आले होते. बांधावर बसून फार सभ्यपणे म्हणाले, "धूर चांगला का वाईट ते मला कळत नाही हो, पण आमच्या बाटलीवर तुमच्या खोऱ्याचं चित्र आहे. त्यात धुराडं कुठं काढू?" धुराडं उभं राहिलं की त्यांची खरेदी दुसरीकडे जाणार. भावोजींनी एक गाजर उपटलं, पँटला पुसलं आणि खात उभे राहिले. तुझ्याबद्दल ते एक अक्षर बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

तुला आमच्या कचरा निवडायच्या शेडमधला तुझा पहिला आठवडा आठवतो का? कॉलेजच्या सुट्टीत आलास आणि नाकाला रुमाल बांधून उभा राहिलास. काचवाल्या मावशींनी तो ओढून काढला आणि म्हणाल्या, "नाक झाकलंस तर ओलं-सुकं कसं ओळखशील?" महिन्याभरात तू बाटलीच्या आवाजावरून काच ओळखायला लागलास. तेव्हा आमचे सहा ढीग होते, आणि सहांत न बसणारं सगळं आम्ही कोपऱ्यात भिरकावून देत होतो. मातीनं भरलेल्या ठिबकच्या नळ्या, वाफ्यांवर अंथरलेलं काळं प्लास्टिक, झाकण चिकटलेले दह्याचे डबे, फुटके क्रेट. तू म्हणालास, हे टाकायचं नाही, बघायचं. आणि खडूनं भिंतीवर लिहिलंस, 'बघू'. आम्ही किती हसलो होतो! कारण आपल्या घरात वडील "बघू" म्हणाले की ते काम कधीच व्हायचं नाही. सायकल बघू, सहल बघू. तुझ्या ढिगाचं मात्र खरंच बघितलं जायचं. शनिवारी सगळ्यांनी गोल बसायचं, नळ्या धुवायच्या, डब्यांची झाकणं सोडवायची, क्रेटचे तुकडे वेगळे काढायचे. शुक्रवारी त्या ढिगाचं वजन करायचं, म्हणजे शनिवारी किती काम आहे ते कळेल, ही पद्धतही तुझीच. शंभर किलो कचऱ्यात शुक्रवारी अडतीस किलो 'बघू' निघायचा आणि शनिवारी संध्याकाळी त्यातला जेमतेम सात किलो उरायचा. खरा टाकाऊ माल तेवढाच. हे मी तुला सांगते आहे, म्हणजे बघ काय वेळ आली आहे.

मार्चमध्ये तू तीन दिवस राहायला आलास. कंपनीनं सर्व्हेला पाठवलंय म्हणालास. मी तुझी जुनी खोली झाडली, उशीचे अभ्रे बदलले. दुसऱ्या दिवशी तू शेडमधली वजनाची वही मागितलीस. नुसती चाळतो म्हणालास. कशासाठी, हे मी विचारलं नाही. भावाला कोण विचारतं? जाताना भाचीला खांद्यावर घेऊन बसपर्यंत नाचत गेलास आणि मी वेड्यासारखी हात हलवत उभी राहिले.

मग गेल्या महिन्यातली सभा. भट्टी बांधणाऱ्या तुमच्या कंपनीतर्फे तुझे वरिष्ठ पडद्यावर तक्ते दाखवत होते. एका तक्त्यावर मोठ्या अक्षरांत आलं, अडतीस टक्के कचरा पुन्हा वापरता न येणारा, जाळण्याखेरीज उपाय नाही. आणि ते हसून म्हणाले, "हा आकडा आमचा नाही, शेडच्याच वहीतला आहे." सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघायला लागलं. मला वाटलं चूक झाली आहे. तुमच्या ऑफिसातल्या कुणा शहाण्यानं शुक्रवारचं वजन उचललं असेल, त्या बिचाऱ्याला शनिवार कुठून माहीत असणार! तोंडात उत्तर तयार करून मी अहवालाची प्रत घेतली, शेवटचं पान उलटलं आणि तुझी सही दिसली. शेपटी वर वळवलेली, मी शिकवलेली. जगात ही चूक करू न शकणारा एकच माणूस होता, आणि ती त्यानंच केली होती. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते काय, ते मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं.

तुला फोन केला तर म्हणालास, मी खाली तळटीप दिली होती, वरच्यांनी काढली. म्हणजे तुला ठाऊक होतं. मग तळटीप काढल्यावर सही का ठेवलीस? तू म्हणालास, नोकरीत कायम होण्याचं वर्ष आहे, ताई. मी म्हटलं, निदान आता दुरुस्त कर. तू म्हणालास, "बघू." आपल्या घरातल्या जुन्या अर्थानं म्हणालास.

भट्टीचं पोट रोज भरावं लागतं, हेही तुमच्या करारातच आहे. पंचवीस वर्षं रोज ठरलेला कचरा पुरवायचा, कमी पडला तर दंड गावाला. म्हणजे आम्ही जितकं नीट निवडू तितके आम्ही गुन्हेगार. अशी उलटी गंगा कुणा परक्यानं वाहवली असती तर मी पदर खोचून भांडले असते. तुझ्याशी कसं भांडायचं तेच मला कळत नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? सभेवरून परत येताना काचवाल्या मावशी माझ्यासोबत होत्या. शेडच्या दारात थांबून म्हणाल्या, "आपल्या पोरानं लिहिलंय ना? मग बरोबरच असेल. आपलंच कुठंतरी चुकत असेल." बारा वर्षं त्यांच्या हातांनी काच निवडली, बोटांवर चिरा आहेत, आणि तुझ्या एका सहीनं त्यांना स्वतःच्या हातांवर शंका आली. त्या शनिवारी त्या गोलात बसल्याच नाहीत. सोमवारीही आल्या नाहीत. घरी गेले तर म्हणाल्या, आता भट्टीच येणार, निवडून काय करू? मी घरी येऊन मोरीत नळ सोडला आणि रडले. तू केसानं गळा कापलास. माझा कापला असतास तर मी एकवेळ गिळलं असतं. तू त्यांचा कापलास, आणि त्यांना वाटतंय की दोष मानेचाच आहे.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. मी पंधरा दिवस कपाटं उपसत होते. शनिवारची वही सापडली. निवडून झाल्यावर उरलेल्या मालाचं वजन त्यात आहे, आणि पहिल्या दोन सुट्ट्यांतली पानं तुझ्या अक्षरात, खाली तुझ्या सहीसकट. गुरुवारी ती सभागृहात वाचून दाखवायला मी नाव दिलंय. माझा नंबर सातवा आहे. मी वाचायला लागले की दोन्ही सह्या एकाच माणसाच्या आहेत हे सगळ्यांना दिसेल, तुझ्या वरिष्ठांनाही. त्यानंतर तुझी नोकरी राहील असं मला वाटत नाही. मी काही दगड नाही रे. पण मी वाचणार. मला भर सभेत कळलं, तसं तुला कळू नये, एवढ्यासाठी आधी सांगते आहे. आणखी एक. कारकुनाला सांगून सहावं नाव मी तुझं लिहून घेतलंय. तुला विचारलं नाही, तूही मला विचारलं नव्हतंस. गुरुवारी आलास, नाव पुकारल्यावर उठलास आणि मावशींच्या देखत खरं काय ते बोललास, तर मी जागेवरून उठणार नाही.

फार रागावलेली, तरी तुझीच,
ताई