भुलीआधीची दही-साखर

रविवार, २ फेब्रु.

दुकान बंद. तरी मशीनवर बसले. स्वतःचा ब्लाउज. डाव्या बाजूला आतून स्पंजची चकती शिवली, नेहमीसारखी. कॉलेजपासून शिवतेय. अख्ख्या मलकापुरात माझ्या फिटिंगचं नाव, आणि माझं स्वतःचं फिटिंग एका स्पंजच्या तुकड्यावर. हसू आलं. मग रडूही आलं.

ठरलं. सांगलीला जायचं. ऑपरेशनने उजवी छाती कमी करून डावीच्या मापाला आणायची. दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी कृष्णेच्या पाण्यावर उताणी पडले होते, अंगावर ऊन, आणि कुठेच कमीजास्त नव्हतं. उठले तेव्हा उशी ओली होती, घामाने की कशाने, देव जाणे.

बुधवार, ५

ह्यांना फोनवर सांगितलं. सीमेवरच्या पोस्टवरून आवाज तुटत होता. "तुला पाहिजे तर कर. मला काही फरक पडत नाही." प्रेमानेच म्हणाले. पण मला पडतो ना. सुट्टीवर आले की दिवा आधी मीच मालवते, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही.

आईला कुंडलहून बोलावून घेतलं, सोबतीला. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने कारण विचारलं. सांगितलं. मग मेथी निवडत बसली. जुडी संपत आली तेव्हा म्हणाली, "तारा बी अशीच चालत गेली हुती."

तारामावशी, तिची धाकटी बहीण. पोटाच्या ऑपरेशनला भूल दिली, ती उठलीच नाही. मी लहान होते. मला तिची फक्त वेणी आठवते.

शनिवार, ८

सांगली. सर्जननी उभं करून मापं घेतली, अंगावर पेनने रेघा मारल्या. मी खडूने मारते तशाच. बिचाऱ्यांचा हात माझ्याहून हळू चालतो.

मग भूल देणाऱ्या डॉ. मॅडम. आई आत आलीच नाही, बाहेर बाकावर बसून राहिली. मी विचारलं, नुसती जागा बधिर करून नाही का होणार? म्हणजे डोळे उघडे राहतील. मॅडम म्हणाल्या, छोटं काम असतं तर तसं करून वर थोडी गुंगी दिली असती. तुमचं बराच वेळ चालणार, तुम्हाला पूर्ण भूल बरी. घशात श्वासाची नळी असेल, तुम्हाला कळणारही नाही. "मी सगळा वेळ तुमच्या उशाशी असेन."

उशाशी. तो शब्द मनातच धरून बसले. पुढचं अर्धं ऐकलंच नाही.

दमा? बी. पी.? हलणारा दात? मिश्री लावता? घरात कुणाला भुलीचा त्रास? मावशीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. काय झालं होतं, कागद आहेत का? काहीच नाही. मग आणखी तपासण्या लिहिल्या. म्हणाल्या, धोका अगदी नाही असं कधी नसतं, पण बराचसा आधी विचारून टाळता येतो. "म्हणून विचारीन ते खरं सांगायचं." आदल्या रात्री हलकं जेवण, नंतर पोटात काही नाही.

येताना रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. बसमध्ये आई माझ्याकडे पाठ करून खिडकीतून बघत होती.

बुधवार, १२

तपासण्या ठीक. आई अजून बोलत नाही. म्हणजे बोलते, पण चहा, दूध, कचऱ्याची गाडी एवढंच.

रोज झोपताना बघायला जाते की झोप नेमकी कुठून येते. सापडत नाही. आपण रोज रात्री कुठे जातो ते कुणी विचारत नाही, आणि सकाळी येतोच परत. मावशी मात्र

नको.

शुक्रवार, १४, सांगली, बाकावर

ऑप. झालं नाही.

पहाटे अंधारात तयार झाले. मंगळसूत्र, बांगड्या, सगळं काढून ठेवलं. पाण्याच्या तांब्याकडेही बघितलं नाही. चप्पल घालत होते तेवढ्यात आई आतून आली. हातात दह्याची वाटी, वर साखर. "जा. नीट जा नि नीट ये." इतक्या दिवसांत पहिला गोड शब्द. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली, पाया पडले. दोघी बसला पळालो.

इथे नर्सने विचारलं, सकाळपासून काही खाल्लं? मी बेधडक नाही म्हणाले. खोटं नव्हे. घरातून निघताना दिलेलं कोण खाण्यात धरतं?

हिरवा गाऊन घालून पडले. वर पांढरं छत, चष्म्याविना सगळं धूसर, छान. जीभ दातावरून फिरली तर साखरेचा एक कण. आईची आठवण आली, आणि लगेच ती दह्याची वाटी. सांगितलं तर आज रद्द, आणि बोल आईवर. हे तर म्हणतीलच, तिने मुद्दामच दिलं. नाही सांगितलं तर मॅडम उशाशी आहेतच की.

त्या आल्या. मी म्हणाले, "मॅडम, दही खाल्लंय."

रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दही दुधाचं, पाण्यासारखं धरता येत नाही, सहा तास थांबावं लागेल, आणि आजचे पुढचे पेशंट ठरलेले. नवी तारीख दिली. बाहेर येऊन आईला नीट समजावलं, की पोटात अन्न असलं तर भुलीत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, जिवावर बेततं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "वाटीभर दह्यानं बी?"

शनिवार, १५

काल घरी आल्यावर लिहवलं नाही. आज लिहिते.

बसमध्ये आईने डोळ्याला पदर लावला होता. मला वाटलं, माझ्यासाठी. म्हणाले, जाऊ दे गं, तुला काय माहीत. तर म्हणाली, "ताराला बी मीच दिलं हुतं. वाटीभर. ती नगं म्हणत हुती. लय आग्रह केला मी."

मी तिचा हात धरला. पण जे वाटलं ते इथे लिहिते, की मला क्षणभर तिची भीती वाटली.

मंगळवार, १८

मॅडमना फोन करून विचारलं, मावशी त्या दह्यानेच गेली का? म्हणाल्या, आता कुणीच सांगू शकणार नाही. हृदय, औषध, काहीही असू शकतं. आईला तसंच सांगितलं.

"त्या बाई चांगल्या हायत, म्हणून तसं म्हणत्यात."

रात्री जेवली नाही.

मंगळवार, २५

हे म्हणतात, राहू दे आता. मलाही वाटतं, आईसाठी राहू द्यावं. सकाळी तिलाच विचारलं, राहू देऊ? बराच वेळ स्पंजची चकती बोटांत फिरवत राहिली. कुठून काढली कोण जाणे. "किती वर्सं घालतीस ह्ये?" मग म्हणाली, "जाऊ आपण."

शुक्रवार, २८, सांगली

पोट रिकामं. मॅडमनी तीनदा विचारलं, मी तीनदा शपथेवर सांगितलं. आज आईने घरातून निघताना काही दिलं नाही. दारात नुसती उभी होती, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखी.

इथे आल्यावर पिशवीतून स्टीलचा डबा काढला. काल रात्री विरजण लावलं होतं म्हणे. नर्स ओरडली. आई म्हणाली, "आत्ता न्हवं वो. उठली की." आधी पाणी, मग विचारून दही, असं ठरलं. डबा मांडीवर घेऊन बसलीय, दोन्ही हात झाकणावर. अजून तिला मावशीच दिसतेय, मला ठाऊक आहे.

बोलावलं. वही तिच्याकडे देते. वाचता येत नाही तिला, नाहीतर

उठल्यावर लिहीन.