रेमीहियो पाण्यातून आला

८ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं! माझ्या मामांनी, वस्तीच्या वडीलधाऱ्यांनी, कॉफीचा पेला हातात दिला, रोजच्यासारखं विचारलं, "स्वप्नात काय पाहिलंस?" आणि मी म्हटलं, "पाऊस पाहिला." तोंडातून निघूनच गेलं.

खरं ते इथे लिहिते. रेमीहियो आला होता. माझा भाऊ. शेवंडं धरायला बुडी मारली ती मारलीच, वर आला नाही, त्याला तीन वर्षं झाली. पाण्यातून चालत वर आला, आमच्या मांडवाशी उभा राहिला, अंगावरून पाणी गळतंय. म्हणाला, "न्यायला आलोय." आणि वळून समुद्राकडे बघितलं. तिथे माझ्या लेकीचा, झुलीमाचा पिवळा पतंग उडत होता.

आमच्यात असलं स्वप्न पोटात ठेवत नाहीत. गेलेलं माणूस काही मागायला आलं की पहाटेच सांगायचं आणि मामा म्हणतील ते करायचं. पण सांगितलं असतं तर मामांनी त्याच क्षणी पोरीला समुद्र बंद केला असता. पुढच्या रविवारी तिची शर्यत! पतंगाच्या दोरीला लटकून, फळीवर उभं राहून, टोकाच्या खडकाला वळसा घालून यायचं. चांगली आली तर पतंगाच्या शाळेत शिकवायला घेणार आहेत तिला. आजवर तिथे सगळे बाहेरचेच, आमच्यातलं एकही नाही. दोन वर्षं झिजतेय त्यासाठी. कसं सांगू?

९ फेब्रुवारी

पाऊस अंगाशी आला! मामांनी सगळ्या वस्तीला तळं साफ करायला लावलं. "ओदिलियाने पाऊस पाहिलाय. पाणी साठवायला जागा नको?" तळ्यात थेंब नाही, नुसत्या भेगा. भर उन्हात म्हातारीकोतारी फावडी घेऊन उतरली. शेजारची बेनिल्दा घाम पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी जरा सावलीतलं काहीतरी पाहा गं बाई." सगळे हसले, मीही हसले. मामा ऐंशीच्या पुढचे, तेही टोपल्या उचलत होते. मला मान वर करवेना.

१० फेब्रुवारी

वारा जोरात. सकाळी आमच्या मांडवात उतरलेल्या पाहुण्यांना घेऊन टेकडीवर गेले. खाली तांबूस वाळू, तिला लागून हिरवं पाणी, पाणकोळी रांगेने चाललेले. जन्मभर बघतेय, तरी वर पोचले की दोन मिनिटं बोलावंसं वाटत नाही. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "तुम्ही नशीबवान. रोज इथे पोहता येतं." मी हो म्हटलं. आमची गेलेली माणसंसुद्धा ह्याच टोकाला येऊन राहतात, हे तिला कशाला सांगा? बिचारी सुट्टीवर आलीय.

वरून झुलीमा दिसली. गुडघे वाकवून, मागे रेलून, पाण्याला हात लावत चालली होती. मग एकदम उचलली गेली — उंच! — आणि अलगद उतरली. इतकी खूश ती जमिनीवर कधी दिसत नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग स्वप्न आठवलं, आणि टाळ्या थांबल्या.

११ फेब्रुवारी

मामांनी पहाटे पुन्हा विचारलं. "काहीच नाही पाहिलं," म्हटलं. मामांनी माझा पेला परत भरून पुढे ठेवला.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस किनाऱ्यावरून हललेली नाही. मांडवात चिंचोरो, म्हणजे झोपायचे विणलेले झुले, टांगायचे राहिले, पाहुणे झोपायच्या वेळी दोऱ्या शोधत होते. मासे करपले. आज झुलीमा फळी बगलेत मारून वर आली, केसांत मीठ, नाक सोललेलं.

"आई, पहारा देतेस की काय?"

"टॉवेल वाळत घालतेय."

"तासभर एकच टॉवेल?"

मला हसू आलं. शेजारी बसली, ओल्या अंगाने टेकली. मी विचारलं, "इतक्या लांब जातेस, भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण रेमीमामा आहे ना तिथे. तो धरेल मला."

सहज म्हणाली आणि मक्याचा अरेपा खायला लागली. रेमी, तुझी लाडकी भाची आहे रे ती. तिला नको.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं फुटलं.

दुपारी ती खडकामागे गेली आणि पिवळा पतंग दिसेनासा झाला. वाट बघितली. नाही. आणखी बघितली. नाही! मी अनवाणी मामांकडे धावले आणि काय काय ओरडले माझं मला माहीत नाही — रेमी आला होता, न्यायला आला होता, मी खोटं बोलले, पाऊस नव्हताच!

आम्ही दोघं किनाऱ्यावर पोचतो तर ही खडकामागून चालत येतेय. पतंग गुंडाळलेला, दोरी तुटली होती म्हणे. हसत होती. मी तिला इतकी घट्ट धरली की ओरडली.

मामा मला म्हणाले, "आठवडाभर पोटात ठेवलंस. तळं खणायला लावलंस!" आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. मग तिला म्हणाले, "उद्या पाण्यात पाय घालायचा नाही."

"शर्यत आहे, आजोबा."

"असू दे."

ती माझ्याकडे वळली. "स्वप्न तुझं, आणि समुद्र माझा बंद? माझ्या स्वप्नात का नाही आला तो?" जेवली नाही. फळीला टेकून, समुद्राकडे पाठ करून बसलीय. वाचली म्हणून आनंद व्हायला हवा मला. होत नाही.

१५ फेब्रुवारी

पहाटे मामांनी उठवलं. "काल रडत सांगितलंस. आता नीट सांग." सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्याच्या हातात काय होतं?"

हे मी आठवलंच नव्हतं. सारा वेळ पतंगच बघत होते. डोळे मिटले.

"चिंचोरो होता. खांद्यावर टाकलेला."

"कुणाचा?"

तांबडा. आईने मला विणून दिलेला. "माझा."

मामांनी पेला खाली ठेवला. हळूच म्हणाले, "गेलेली माणसं ज्याचं अंथरूण आणतात, त्यालाच न्यायचं असतं. बकरं कापू. तुला अंघोळ घालू. बघू, ऐकतो का."

म्हणजे मला! पोरीला नाही — मला! छातीवरचा धोंडाच उतरला. तशीच धावत गेले, झुलीमाला गदागदा हलवलं. "ऊठ गं, ऊठ! वारा सुटलाय, शर्यतीला जा!"