तीन लांब

सोमवार, ३ फेब्रुवारी
क्षमाबाई आज माझ्या लॅबमध्ये घुसल्या. सांगलीहून बदलून आलेली कॉम्प्युटरची बाई — आष्ट्यात महिना झाला नाही अन् माझ्या मशीनवर हात! चार नंबरचं सुरू होईना. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. बिघाड असला की मशीनचा डबा बीप करून सांगतो. हा ठार मुका. म्हणजे मदरबोर्डच गेला. मुख्याध्यापकांना तसं लिहूनही दिलं. तर बाई दारातूनच, "मधुकरकाका, तीन लांब बीप. रॅम हललीय." कुठले बीप? मला काय खुळा समजतात?

मंगळवार, ४
रॅमची पट्टी काढली, खोडरबरनं घासली, बसवली. मशीन चालू. मुख्याध्यापक माझा कागद हातात धरून हसत होते. शिरवळच्या कारखान्यात बावीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखलं. तेव्हा ही बाई पाळण्यात होती.

बुधवार, ५
आज दोन नंबर. पोरं मोजतात, "एक लांब, दोन आखूड." मग सगळी माझ्याकडे बघतात. पढवून ठेवलीत! एक लांब, दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हे मला झोपेतही सांगता येईल. पण वाजलं कुठं?

घरी हे सांगितलं तर राही म्हणते, "आवं, तुमी कुणाचं ऐकूनच घेत न्हाई." बायकोसुद्धा तिकडचीच.

गुरुवार, ६
कळलं! डब्यातला बीप वाजवणारा बोटाएवढा भोंगा बाईंनीच काढला असणार. खोललं. भोंगा जागेवर. तरी नवा आणून लावला. तोही मुका. दुकानदार लबाड.

शनिवार, ८
मुख्याध्यापकांपुढे स्पष्ट बोललो — मला लॅबमधून हुसकायला बाई मशीन बिघडवतात. ते म्हणाले, सोमवारी चावी कुणाकडे ते ठरवू. दहा वर्षं ती चावी माझ्या करगोट्याला आहे. बाई एवढंच म्हणाल्या, "काका, मी काही केलेलं नाही." मग काय भुतानं केलं?

रविवार, ९
पुरावा हवा म्हणून सुट्टीचा लॅबवर आलो. राही जेवणाचा डबा घेऊन आली. तिच्यासमोर एक नंबरची रॅम मी स्वतः काढली, बटण दाबलं. शांत. "बघ," म्हटलं, "हूं की चूं नाही."

राहीनं कानांवर हात ठेवले होते. "बंद करा की आवं. लय वराडतंय त्ये."

पुन्हा दाबलं. तिला बोटांनी मोजायला सांगितलं. तिनं तीन बोटं वर केली. मला लय भीती वाटली.

सोमवार, १०
क्षमाबाईंना चावी दिली. माफी मागितली. त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मी पहिल्यांदाच विचारलं — काय?